महिला मंडळाचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आला आहे: सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या महिला मंडळाला ५० वर्षं पूर्ण होत आहेत. नोंदणी १९७६ सालची. पहिल्या दहा-बारा वर्षांची प्रोसिडिंगची वही सापडत नाही. संस्थापक सदस्यांपैकी तिघीच हयात आहेत. स्मरणिका काढायचं ठरलं आहे, पण "मंडळाचा इतिहास" या मथळ्याखाली अध्यक्षांची नावं आणि त्यांच्या कारकिर्दीची वर्षं यापलीकडे लिहायला हाती काही नाही. कागदच नसतील तर इतिहास लिहायचा कसा?

ताई, आधी थोडं स्वतःविषयी सांगते. एकात्मिक बालविकास प्रकल्पात मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. नोकरी संपल्यावर गावोगावच्या महिला मंडळांचे आणि बचत गटांचे इतिहास लिहून काढायला मदत करते. तुमच्यासारखी अडचण जवळपास प्रत्येक गावात असते. वही हरवल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. ती सापडली असती तरी तिच्यात काय मिळालं असतं, ते सांगते: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले", जमाखर्चाला मंजुरी, आलेल्या पाहुण्यांचे आभार. बाळंतिणीला रात्री बैलगाडीतून तालुक्याला कुणी नेलं, बालवाडीच्या खाऊसाठी घराघरातून ज्वारी कुणी गोळा केली, हे त्या वहीत नसतं. मंडळाचं खरं काम वहीबाहेर झालेलं असतं. म्हणून स्मरणिकेतला इतिहास अध्यक्षांच्या क्रमाने न लिहिता कामांच्या क्रमाने लिहा, आणि प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्या बाईचं नाव लिहा. बाकी सगळं या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे.

पहिली गोष्ट स्थापनेच्या वर्षाची. १९७६ हे नोंदणीचं वर्ष आहे, सुरुवातीचं असेलच असं नाही. त्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात पुष्कळ मंडळांची नोंदणी झाली, त्याला कारण होतं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अनुदान हवं, शिलाई मशीन हवं, बालवाडीला मान्यता हवी, तर मंडळ नोंदलेलं पाहिजे, असं पंचायत समितीतून सांगितलं जाई. त्यामुळे आधीपासून चालत आलेल्या कित्येक मंडळांनी त्या सुमारास कागद केले. नोंदणीच्या आधी बाया कशासाठी एकत्र येत होत्या, हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

बहुतेक गावांत त्याचं उत्तर तीन-चार ठिकाणी सापडतं. एक, भजनी मंडळ. एकादशीला देवळात जमणाऱ्या बायांनी टाळ-मृदंगासाठी वर्गणी काढली, तीच पुढे मंडळाची पहिली वर्गणी ठरली, असं मी अनेक गावांत ऐकलं आहे. दोन, भिशी. तीन, ग्रामसेविका. २ ऑक्टोबर १९५२ ला ग्रामीण विकासाचा सरकारी सामूहिक विकास कार्यक्रम देशातल्या ५५ प्रकल्पांत सुरू झाला आणि पुढे विकास गटांच्या (ब्लॉकच्या) पद्धतीने पसरला. अशा एका गटात साधारण शंभर गावं आणि त्यांच्यासाठी दोन ग्रामसेविका, वर एक मुख्यसेविका, अशी रचना होती. शंभर गावांना दोघी! तरी त्या पायी, सायकलवर फिरल्या, गावात मुक्काम केला आणि पहिली महिला मंडळं त्यांनीच उभी केली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या कल्याण विस्तार प्रकल्पांतून बालवाड्या, शिवण वर्ग आणि दाया गावात आल्या. पुण्याजवळ सासवडला प्रेमाताई कंटक यांच्या देखरेखीखाली खेड्यातल्या बाया-मुलांसाठी कस्तुरबा ट्रस्टचं काम चालत होतं. तिथे तयार झालेल्या सेविका आसपासच्या जिल्ह्यांत गेल्या. तुमच्या गावात "आश्रमातल्या बाई" राहून गेल्याची आठवण कुणी सांगितली, तर हा धागा जरूर धरा.

सातारा जिल्ह्यासाठी आणखी एक. प्रौढ साक्षरतेची ग्राम शिक्षण मोहीम १९५९ साली तुमच्याच जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्या समारंभासाठी सही करायला शिकलेल्या बाया कोण, रात्रीचा वर्ग कुणाच्या ओसरीवर भरायचा, कंदिलाचं रॉकेल कोण द्यायचं, हे विचारा. पुढे मंडळाच्या अर्जावर ज्या बायांनी अंगठ्याऐवजी सही केली, त्या तिथेच अक्षर शिकलेल्या असण्याची शक्यता आहे.

आता कागद. तुम्ही म्हणता कागद नाहीत. तुमच्या कपाटात नसतील, पण दुसऱ्यांच्या कपाटात आहेत.

सर्वांत आधी धर्मादाय कार्यालय. महिला मंडळ साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदलेलं असतं, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. तुमच्या शिक्क्यावर किंवा जुन्या लेटरहेडवर "एफ" अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल, तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा. तीन गोष्टी मागा. संस्थेचं ज्ञापन व घटना, परिशिष्ट १ चा (संस्थेच्या अधिकृत नोंदीचा) उतारा, आणि दाखल झालेले बदल अर्ज. ज्ञापनावर किमान सात जणींच्या सह्या किंवा अंगठे असतात, त्यांचं वय, धंदा आणि पत्ता असतो. धंद्याच्या रकान्यात बहुधा सगळ्यांपुढे "घरकाम" लिहिलेलं असेल. त्यातली कोण वाट्याने शेत करत होती, कोण दूध घालत होती, कोण मजुरीला जात होती हे तिघी हयात बायांकडून भरून घ्या. बदल अर्जांवरून कोणत्या साली कोणती कार्यकारिणी आली ते कळतं. मात्र ते नियमित भरले असतील अशी आशा धरू नका. वारलेल्या बाया कित्येक वर्षं कागदावर विश्वस्त म्हणून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. तसं असेल तर इतिहासाबरोबर तेही दुरुस्त करून घ्या, कारण हिशेब आणि बदल अर्ज न देणाऱ्या संस्थांच्या नोंदण्या रद्द झालेल्या आहेत.

दुसरं ठिकाण ग्रामपंचायत. मंडळाच्या खोलीची जागा पंचायतीने दिली असेल तर ठराव वहीत ठराव असणार, आणि खोली नमुना ८ वर, म्हणजे पंचायतीच्या मिळकत आकारणीच्या नोंदवहीत लागलेली असणार. ठरावात सूचक आणि अनुमोदक कोण, ते पाहा. त्या काळात दोन्ही पुरुष असतील. मग बायांनी तो ठराव करून कसा घेतला, हे विचारायचं सूत्र तुमच्या हाती येतं.

पंचायत समितीत जा, पण तिथे फार मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. सरकारी कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवले जातात, आणि खालच्या वर्गांतले ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. बालवाडीची हजेरी, शिवण वर्गाची यादी असल्या गोष्टी त्यातच जातात. त्यापेक्षा जिल्हा बँकेच्या शाखेत आणि पोस्टात विचारणं बरं. मंडळाचं जुनं पासबुक कुणाच्या तरी ट्रंकेत साडीच्या घडीत असतं. पासबुकात साल, रक्कम आणि कोणत्या महिन्यात पैसे काढले एवढं दिसलं, तरी त्यावरून अर्धी गोष्ट उभी राहते. जूनमध्ये एकदम मोठी रक्कम निघाली असेल, तर बियाण्याला उसनवारी दिली का, असं विचारता येतं.

आणि भांडी! हे मी दरवेळी आवर्जून सांगते. महिला मंडळांनी सामुदायिक भांडी घेतलेली असतात. मोठी पातेली, पराती, वाढपाच्या बादल्या, लग्नकार्याला नाममात्र भाड्याने द्यायची. त्यांच्यावर मंडळाचं नाव, साल आणि बहुतेक वेळा देणगी देणारीचं किंवा जिच्या स्मरणार्थ दिलं तिचं नाव कोरलेलं असतं. एक दिवस ठरवून सगळी भांडी अंगणात मांडा, कोरलेली अक्षरं चिंच लावून घासून वाचा आणि उतरवून घ्या. फोटो काढा. भांड्यांच्या भाड्याची वही वेगळी असते, ती प्रोसिडिंगपेक्षा नीट ठेवलेली असते, कारण तिथे पैशाचा संबंध असतो. कोणत्या वस्तीने कधी भांडी नेली, कोणाला भाडं माफ केलं, सगळं त्यात असतं. एखाद्या वस्तीचं नाव वर्षानुवर्षं त्यात येतच नसेल, तर तेही लक्षात ठेवा. त्याकडे पुढे येते.

आता बोलण्याचं काम, आणि इथे घाई करू नका. तिघी संस्थापक हयात आहेत, म्हणजे वेळ कमी आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे जा, पण एका बैठकीत सगळं उरकू नका. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, आधी विचारून, आणि सुनेसमोर किंवा मुलासमोर करू नका. घरचं माणूस बसलं की बाई घराण्याला शोभेल तेच सांगते. दोघी-तिघी समवयस्क एकत्र बसवल्या तर फार चांगलं. एकीची आठवण दुसरी दुरुस्त करते, तिसरी म्हणते, "तू कुठं होतीस तेव्हा, तू बाळंतपणाला गेली होतीस." असं आपसात बोलताना जे बाहेर येतं, ते माझ्या-तुमच्या प्रश्नांनी येत नाही.

"मंडळ का काढलं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "महिलांच्या उन्नतीसाठी" असं येतं, कारण भाषणांत तसंच ऐकलेलं असतं. वस्तूंवरून आणि जागांवरून विचारा. पहिलं शिलाई मशीन कुणाच्या घरी ठेवलं होतं? ते का तिथेच? किल्ली कुणाकडे असायची? बैठक दुपारी व्हायची की रात्री? तेव्हा स्वयंपाक कोण करायचं? नवऱ्याला काय सांगून यायचात? किल्ली कुणाकडे होती या एका प्रश्नावर मला मंडळातली सगळी सत्ता, सगळे रुसवे आणि सगळा विश्वास कळलेला आहे.

सालाचं काय? आपल्या आयाबायांना साल सांगता येत नाही, पण काळ सांगता येतो. कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७. तुमच्या भागात तो कुणी विसरत नाही. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला तो १९७२ चा दुष्काळ. इंदिराबाईंना मारलं ते ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. गावात वीज आली, एसटी मुक्कामी यायला लागली, नळ आला, ही गावची सालं ग्रामपंचायतीतून काढून ठेवा. याशिवाय एक प्रश्न हमखास उपयोगी पडतो: "तेव्हा कडेवर कोण होतं?" मुलाचं नाव कळलं की शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जन्मसाल मिळतं. फक्त जन्मतारीख १ जून असेल तर सावध राहा. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख असते, वर्षही एखाद-दुसऱ्याने पुढे-मागे असू शकतं.

जात्यावरच्या ओव्याही विचारा. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावातल्याच बायांना बरोबर घेऊन ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तो संग्रह आज एक लाखाहून मोठा आहे. त्यात देव आणि माहेर आहे, तसं गावचं राजकारण, दुष्काळ, शाळेत जाणारी मुलगी, आंबेडकर हे सगळं आहे. तुमच्या मंडळावरही कुणीतरी ओवी बांधली असेल. मंगळागौरीच्या, भोंडल्याच्या गाण्यात नावं गुंफलेली असतात. मिळालं तर शब्द बदलू नका, ती म्हणते तसंच लिहा.

आता कामांविषयी, म्हणजे इतिहासाच्या गाभ्याविषयी. तुमच्या मंडळाने काय काय केलं ते मला माहीत नाही, पण त्या पन्नास वर्षांत कुठे कुठे शोधायचं ते सांगते.

१९७२ चा दुष्काळ बहुतेकींच्या बोलण्यात येईल. खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला बाया हजारोंनी गेल्या. कामावर सुकडी (पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ) वाटली जायची. तान्ही मुलं झाडाला झोळी बांधून ठेवायची. अशा ठिकाणी मुलं सांभाळायला एक म्हातारी ठरवली, तिला सगळ्यांनी मिळून थोडं थोडं दिलं, आणि दुष्काळ संपल्यावर तीच पद्धत बालवाडी म्हणून चालू राहिली, असं तुमच्याकडे झालं का ते पाहा. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, पण त्याच्या मागे या कामांवरच्या बायांची मागणी होती. मंडळाच्या इतिहासात दुष्काळाचं पान असलंच पाहिजे, जरी मंडळ कागदावर नंतरचं असलं तरी.

बालवाडीवर सर्वांत जास्त पानं द्या. अंगणातच मुलं जमवून शिकवायची ही कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला रुजवली. गावोगावच्या महिला मंडळांनी ती आपापल्या बळावर चालवली. बालवाडीच्या ताईला मिळायचं अगदी तुटपुंजं मानधन, तेही अनुदान आलं तर. शासनाची अंगणवाडी आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी मंडळाची बालवाडी-ताईच सेविका झाली, मंडळाच्याच खोलीत अंगणवाडी भरली, आणि मंडळाचं नाव मागे पडलं. मी स्वतः या योजनेत काम केलं आहे, म्हणून ठामपणे सांगते: अंगणवाडीसाठी गावाची मनं आधीच तयार झाली होती ती या मंडळांमुळे. आपलं मूल दुसऱ्याच्या, दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातचं खाईल, ही गोष्ट गावाला मान्य करायला लावणं किती अवघड होतं, ते त्या बायांनाच माहीत. तुमच्या गावची पहिली बालवाडी-ताई कोण, तिचं शिक्षण किती, तिला सोडून जाण्याचं कारण काय झालं, मुलं कोण कोण होती, हे सगळं सविस्तर लिहा. तिचा एक फोटो मिळाला तर तो मुखपृष्ठावर घ्या.

आरोग्याचं काम विचारताना दायांपासून सुरुवात करा. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जे केलं, ते आपल्या राज्यातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. त्यांनी गावातल्याच, बहुधा अक्षरओळख नसलेल्या, कित्येक दलित बायांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या बाया गरोदरपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग सांभाळू लागल्या, आणि गावातली महिला मंडळं त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या कामाविषयी वाचलेल्या माणसाला मंडळाचा इतिहास कसा लिहावा हे आपोआप कळतं, कारण तिथल्या सगळ्या हकीकतीत डॉक्टरांच्या आधी त्या बायांची नावं येतात. तुमच्या गावात एवढं मोठं काही नसेल. मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण घरोघर शिकवणारी एक बाई असेल, लसीकरणाच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून मुलं गोळा करणारी असेल. तिचं लिहा.

पुढची पायरी बचतीची, आणि ती तुलनेने सोपी आहे, कारण कागद आहेत. ड्वाक्रा (ग्रामीण महिला व मुलांच्या विकासाची सरकारी योजना) १९८२ पासून, नाबार्डची गटांना बँकेशी जोडण्याची योजना १९९२ पासून, स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना १९९९ पासून, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) २०११ पासून. गटाच्या वह्या नीट असतात. इथे एकच पाहायचं: महिला मंडळ आणि बचत गट यांचं नातं काय राहिलं. बऱ्याच गावांत एका मंडळाचे आठ-दहा गट झाले आणि मंडळ नावापुरतं उरलं. गटात दहा ते वीस जणी, आठवड्याची बैठक, हप्ता, परतफेड. शिस्त आली, पैसा आला, बायांची पत वाढली, हे खरं आहे. पण सगळ्या गावाच्या बायांनी एका प्रश्नावर एकत्र बसायची जागा कमी झाली, असं माझं मत आहे. तुमच्याकडे तसं झालं असेल तर लिहा. नसेल, मंडळाने गटांना बांधून ठेवलं असेल, तर ते कसं जमवलं हे तर लिहाच, त्याचा दुसऱ्या गावांना उपयोग होईल.

दारूबंदी झाली असेल तर मतदानाची नोंद मिळवा. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद होण्यासाठी, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, त्यामुळे त्या दिवशी ऊसतोडीला, मुंबईला, माहेरी गेलेल्या बाया परत आणाव्या लागतात. कुणी कुणाला आणलं, एसटीचं भाडं कुणी दिलं, हे सगळं आजही लोकांना आठवत असतं.

आपत्तीतलं कामही विसरू नका. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये (आताच्या धाराशिवमध्ये) घरांच्या दुरुस्तीच्या कामात शेकडो गावांत महिला मंडळांमधून संवाद सहायक (गाव आणि शासन यांच्यातला दुवा) नेमल्या गेल्या, आणि बाया बांधकामाच्या अनुदानाचे हप्ते, सिमेंट, कोपऱ्यांची मजबुती यावर इंजिनिअरशी बोलू लागल्या. तुमच्याकडे कोयनेचे धक्के, पूर, दरडी आहेत. त्या वेळी चूल कुठे पेटली, किती दिवस, जेवण कुणी केलं?

आता भांड्यांच्या वहीतल्या त्या वस्तीकडे येते. मंडळात कोण नव्हतं, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय इतिहास लिहायला बसू नका. पुष्कळ मंडळांच्या पहिल्या कार्यकारिणीत सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन यांच्या घरच्या बाया असत. ग्रामसेविकेला गावात उतरायला तीच घरं होती. दलित वस्तीतल्या बाया सदस्य होत्या का? असल्या तर सतरंजीवर बसत की बाजूला? मजुरीला जाणाऱ्या बाईला दुपारी तीनच्या बैठकीला येता येत होतं का? बैठक हळदीकुंकवाला जोडून घेत असाल, तर विधवा बायांचं काय? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. पण त्याच्या आधी कितीतरी मंडळांनी गुपचूप हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ समारंभ करून सगळ्यांना बोलावलं होतं. तुमच्या मंडळाने असं कधी केलं असेल तर ती तुमच्या इतिहासातली मोठी घटना आहे. केलं नसेल तर तेही लिहायचं. दलित वस्तीत वेगळं मंडळ किंवा रमाबाई आंबेडकरांच्या नावाने गट निघाला असेल, तर त्याच्याही बायांना भेटा आणि त्यांचं पान त्यांनाच लिहू द्या.

भांडणं लिहायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मंडळ फुटलं असेल, पैशावरून वाद झाला असेल, निवडणुकीत दोन पार्ट्या झाल्या असतील. माझं म्हणणं, घटना लिहा, दोषी ठरवू नका. "१९९० च्या सुमारास कर्जफेडीवरून मतभेद झाले, दोन वर्षं बैठका बंद होत्या, नंतर अमुक कामासाठी सगळ्या पुन्हा एकत्र आल्या" एवढं पुरे. व्यक्तीचं नाव घातलं की ती घरं उद्या तुमच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. पण घटना गाळली, तर जाणकार बाई स्मरणिका मिटून ठेवेल, कारण तिला ठाऊक आहे की दोन वर्षं दार बंद होतं.

नावांची पद्धत ठरवून घ्या. जुन्या कागदांत "सौ. पाटील", "श्रीमती जाधव" एवढंच असतं, किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव आणि बाईचं आद्याक्षर. गावात एका आडनावाची चाळीस घरं. प्रत्येकीचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि गावात तिला ज्या नावाने हाक मारायचे ते, आक्का, नानी, माळ्याची काकू, हे तिन्ही लिहा. फोटोंचंही तसंच. उद्घाटनाच्या फोटोत खुर्च्यांवर पाहुणे पुरुष असतात आणि मंडळाच्या बाया मागे उभ्या. फोटोच्या झेरॉक्सवर प्रत्येक चेहऱ्याला आकडा घाला आणि तिघी आजींसमोर ठेवा. मागच्या ओळीतल्या बायांची नावं आधी मिळवा, खुर्चीवरच्यांची कुठेही मिळतात.

हे काम बाया स्वतः करू शकतात का, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. करू शकतात, आणि त्याला जुनं उदाहरण आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात स्टोनी क्रीक इथे १९ फेब्रुवारी १८९७ ला शेतकरी बायांनी पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट काढली. ॲडलेड हूडलेस या बाईंचं तान्हं मूल दूषित दुधाने गेलं होतं, म्हणून घरच्या बाईला आरोग्याचं शिक्षण मिळालंच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. पहिल्याच सभेला शंभराहून जास्त बाया आल्या. १९१५ साली ही चळवळ ब्रिटनमध्ये गेली आणि तिथून जगभर पसरली. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ट्वीड्सम्युअर यांनी सुचवल्यावरून ओंटारिओच्या बायांनी आपापल्या गावाचा इतिहास लिहून ठेवायला घेतला. शाळा, शेतं, कुटुंबं, रस्ते, फोटो, कात्रणं, सगळं जाड वह्यांत चिकटवून. त्या वह्या आज तिथल्या इतिहासकारांना लागतात. शेतावरच्या बायांनी, घरकाम सांभाळून केलेलं काम आहे ते. आपल्याकडेही जमेल. तुमच्याकडे बारावी झालेल्या सुना आणि मोबाइल दोन्ही आहेत.

छापण्याविषयी थोडक्यात. जाहिराती आणि नेत्यांचे शुभेच्छा संदेश शेवटी घाला, सुरुवातीची पानं बायांना द्या. मजकूर छापायला देण्याआधी देवळात किंवा मंडळाच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या बाया सर्वांत चांगल्या दुरुस्त्या सांगतात. मूळ रेकॉर्डिंगं आणि कागदांचे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक प्रत गावच्या शाळेत, एक ग्रंथालयात.

वेळेचं नियोजन असं करा. तिघी आजींकडे याच महिन्यात जा. नकलेचे अर्ज आत्ताच टाका, त्यांना वेळ लागतो. भांडी उन्हाळ्याच्या लग्नसराईआधी मांडा, एकदा बाहेर गेली की गोळा होत नाहीत. आणि मे महिना मोकळा ठेवा, कारण तेव्हा माहेरवाशिणी गावात असतात. पहिल्या बालवाडीतल्या मुली आज पन्नाशीच्या आसपास आहेत, लग्न होऊन साताऱ्यात, पुण्यात, मुंबईत गेलेल्या. बालवाडीत काय खायला मिळायचं, कोणतं गाणं म्हणायचो, ताई कशा रागवायच्या, हे फक्त त्याच सांगू शकतील. त्यांच्या फोन नंबरांची यादी आजपासून करायला घ्या. पहिला खर्डा झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.